घरी कोण

लाईट आली, आणि बंद केलेली बाई बोलली. अकरा वाजता गेलेली लाईट साडेबाराला आली, पंख्यानं आळस देत एक गिरकी घेतली, फ्रीज कुथला, जिन्याखालच्या काळ्या डबीतला हिरवा दिवा लुकलुकला, आणि दोन मिनिटांनी, अंकिता कुकरचं झाकण हातात धरून उभी असताना, ती बाई रोजच्याच आवाजात म्हणाली, "आई घरी आहे. अंकिता घरी आहे. दीपेश अजून घरी आलेला नाही." झाकण काही पडलं नाही. पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान खणकन आवाज होऊन त्या वाक्याचं शेपूट तरी तुटलं असतं. वाफ तोंडावर येत राहिली आणि अंकिता तशीच उभी, कारण या बाईला तिनं मंगळवारी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं. लॅपटॉप डबीला जोडून, एक एक अक्षर तपासून हुकूम टाइप केला होता, आणि डबीनं तिला तसं लिहूनही दिलं होतं, डिसेबल्ड. सरकारी कचेरीत इतक्या लगेच कागद हातात पडत नाही. आणि आज शुक्रवारी ती पुन्हा हजर, झोप काढून उठल्यासारखी ताजीतवानी. बाहेरच्या खोलीत सासू सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता नेहमीसारखं उत्तर दिलं. "कलंबोलीला हाय तो. सर्कलवर कंटेनर उलटलाय, आख्खा चायना रस्त्यावर सांडलाय. खेलन्यातली माकडं किल्ली दिल्यासारखी गाड्यांच्या टपावर नाचतात. पोलिसच पलाला, दीपेश काय करल?" आणि सुपातून एक खडा उचलून तिनं खिडकीबाहेर फेकला.

दीपेशला, तिच्या नवऱ्याला, जाऊन परवा रविवारी वर्ष होत होतं. खारघरच्या ऑफिसात, लिफ्टची वाट बघताना, अडतिसाव्या वर्षी. छाती धरली, खाली बसला, एवढंच. त्या दिवशी फोन आला तेव्हा पलीकडची बाई फार हळू, फार सांभाळून बोलत होती, मॅडम तुम्ही लगेच येऊ शकाल का, आणि अंकितानं विचारलं होतं, "डबा विसरलाय म्हणून का?" कारण डबा खरंच ओट्यावर राहिला होता, भेंडीची भाजी आणि तीन चपात्या. हे वाक्य गेलं वर्षभर तिच्या कानात अडकून बसलेलं. लोक आले, लोक गेले, दहावं झालं, तेरावं झालं, ती कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पुन्हा कामाला जायला लागली, पोरांना प्रिंट काढून द्यायला लागली, पण कुणी हळू, सांभाळून बोललं की तिला भेंडीचा वास यायचा. रडायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे अगदी लाईटचं बिल भरायचं राहून जावं तसं. आज करू, उद्या करू, आणि मग त्याची वेळच टळून गेली.

आणि लाईट गेली की हे. कामोठ्याच्या जुन्या गावात लाईट जायला काही लागत नाही, तारेवर कावळा शिंकला तरी जाते. जाते तशी येते, आणि आली की डबी नव्याने उठते, आणि उठली की घरात कोण कोण आहे ते मोजते. दीपेशनंच केलेलं सगळं. घरातल्या माणसांचे मोबाईल वायफायला लागलेत का ते बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. कॉम्प्युटरवर मागच्या मागं चालणारं असलं काम, त्याला सर्व्हिस म्हणतात, आणि हिचं नाव त्यानं ठेवलं होतं घरी-कोण. आवाज मात्र मशीनचा होता, मराठी बोलणाऱ्या पण मराठी नसलेल्या कुणा बाईचा. ती 'नाही'तला ही असा लांबवायची की सासूनं पहिल्याच दिवशी तिला बया हे नाव देऊन टाकलं होतं. "तुझी बया बोलली बघ," असं ती लेकाला म्हणायची. तो हसायचा. चपला काढता काढता त्याच्याच घराची बातमी त्यालाच ऐकू यायची, दीपेश घरी आला, आणि तो म्हणायचा, "हां, मला माहितेय."

मग ती बंद का नाही केली आधीच, असं कुणीही विचारील. डबीची वायर ओढली की संपलं. पण तिथंच तर गोम होती, कारण पाणीही त्याच डबीवर. नळाला पाणी येतं त्याची काही वेळ नाही, येतं ते पाऊण तास येतं, आणि आलं की डबीच मोटर चालू करते आणि सांगते, पाणी आलं. गच्चीवरची टाकी भरली की सांगते, टाकी भरली. मग चंद्रावतीनं, म्हणजे सासूनं, गुडघे धरत जिन्याखाली जाऊन कॉक फिरवायचा. वायर ओढली तर पाणी गेलं. स्पीकर काढला तर पाणी आल्याचं कळणार नाही. आतून एकटी घरी-कोण बंद करता आली असती, पण त्याच्या हातच्या कामाला हात लावायला अंकिता धजली नाही आणि वर्षभर ऐकत राहिली. तिला वाटायचं, कान मरतील हळूहळू. शेजारच्या गिरणीचा आवाज नाही का ऐकू येईनासा होत? पण कान मेले नाहीत. उलट दोन मिनिटं आधीपासूनच, हिरवा दिवा लागला की, तिच्या मानेच्या मागं कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं व्हायचं आणि ती वाट बघायची. आई घरी आहे. अंकिता घरी आहे. दोन वाक्यं संपली की तिसऱ्याच्या आधी एक लहानसा थांबा होता, बोटभर, आणि त्या बोटभर जागेत दरवेळी तिला वाटायचं, आज कदाचित. हेच तिला सहन होईना. बाई खोटं बोलत नव्हती, पण त्या बोटभर जागेत अंकिता वर्षभर आशा करत होती.

आणि दर तिसऱ्या वाक्याला सासूची एक थाप. चंद्रावतीच्या थापा अख्ख्या गावाला ठाऊक. तिच्या बापाच्या मिठागरातलं मीठ इतकं कडक की चिमूटभर खाडीत पडलं तर भरती दोन बोटं वर चढायची, असं ती शपथेवर सांगते. लहानपणी तिला एका रोहित पक्ष्यानं लग्नाची मागणी घातली होती, पण पाय बारीक म्हणून बापानं नाही म्हटलं. तशीच आता लेकाची. बया म्हणायची, दीपेश अजून घरी आलेला नाही, आणि ही लगेच, "उरनला गेलाय, जिताड्यानं गाडीची चावी गिलली, तो बाहेर काढाची वाट बघत बसलाय." किंवा, "इमानतलावर धरलाय त्याला. इमान चालवाला कोन नव्हता, बोलले तूच बस, शिकलेला दिसतोस." पहिल्या वेळी अंकिताला वाटलं, हिचं डोकं गेलं. दुसऱ्या वेळी वाटलं, हिला काहीच कसं वाटत नाही. पोटचा पोरगा गेला आणि ही माकडं नाचवते. तिसऱ्या वेळेपासून तिनं वाटून घेणं सोडलं. भाजी ढवळत ती ऐकायची, एखाद वेळी एवढंच म्हणायची, "आई, माशाला चावी कशी गिळता येईल?" आणि सासू म्हणायची, "तू नेऱ्याची गो, डोंगरातली. तुला जिताड्याचं काय कललं?" की संपलं. कुकर लागायचा, दिवस पुढं सरकायचा.

मंगळवारी मात्र हद्द झाली. वर्षश्राद्धाला लावायला फोटो हवा होता, चांगले फोटो दीपेशच्याच मोबाईलमध्ये, म्हणून अंकितानं कपाटातून त्याचा मोबाईल काढला, चार्जिंगला लावला, चालू केला. तिच्या डोक्यातच आलं नाही. ती त्याच्या फोटोंमधून बोट फिरवत बसली, माथेरानचा, बहिणीच्या लग्नातला, एक नुसता स्वतःच्या पायाचा, चुकून काढलेला. आणि जिन्याखालून बया म्हणाली, "दीपेश घरी आला." अंकिताचं बोट फोटोवरच थांबलं. तिनं दाराकडं पाहिलं. खोटं कशाला, ती उठलीसुद्धा, पदर सावरला तिनं. दारात पायपुसणं होतं आणि त्यावर उन्हाचा एक तुकडा. सासू हातात लसणाची पाकळी घेऊन बसली होती. तिनंही दाराकडं पाहिलं, बराच वेळ, आणि मग म्हणाली, "चपला भायेर काढ बोल त्याला." त्या वेळी मात्र तिचा आवाज थापेचा नव्हता, किंवा थापेला जेवढा जोर लागतो तेवढा त्यात नव्हता. अंकितानं मोबाईल बंद केला. पाच मिनिटांनी बया म्हणाली, "दीपेश घराबाहेर गेला." हे ऐकल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि घरी-कोण डिसेबल केली. रविवारी नव्वद माणसं येणार होती, नेऱ्याहून भाऊ, उरणहून नणंदा, सगळी भावकी. त्या सगळ्यांसमोर, हार घातलेल्या फोटोसमोर, लाईट गेली आणि आली तर? नव्वद माणसं माना वळवून दाराकडं बघतील. तिला ते दिसत होतं, अगदी कुणाच्या गळ्यात कुठला हार इथपर्यंत. रविवारच्या आत ही बाई गप्प झाली पाहिजे. नाहीतर आपण त्या नव्वद माणसांत उभ्याउभ्या काहीतरी करू, आपल्यालाच माहीत नाही काय.

म्हणून तिनं लॅबमधल्या नोमानला फोन लावला. कॉलेजची सगळी मशीनं तोच बघायचा, पनवेलच्या मोहल्ल्यातला, सदा घाईत. "मॅडम, जुम्म्याची नमाज पढून करतो," म्हणाला, आणि दोन वाजता त्यानं खरंच केला. मागं स्कूटरचे हॉर्न.

"डिसेबल केलं होतं? नक्की?"

"नक्की. तसं दाखवतंय अजून. डिसेबल्ड आहे आणि चालू पण आहे. दोन्ही."

"बरोबर आहे मग," नोमान म्हणाला. "डिसेबल म्हणजे काय मॅडम, आपण त्याला एवढंच सांगितलं की मशीन उठली की तू आपणहून येऊ नको. येऊच नको, असं कुठं सांगितलं? दुसऱ्या कुणी हाक मारली की येणार ना बिचारा."

"कोण मारतंय हाक?"

"तेच तर बघू या. उलटी यादी काढा. त्याला कोण लागतं ती नाही, तो कुणाला लागतो ती."

त्यानं सांगितलेलं तिनं टाइप केलं. यादी कसली, एकच नाव होतं. टाकी. पाण्याच्या टाकीची सर्व्हिस दरवेळी उठल्या उठल्या घरी-कोणला हाक मारत होती. आणि का मारत होती तेही अंकिताला क्षणात आठवलं, एवढं लख्ख की डोळ्यांपुढं पाणीच उभं राहिलं. तीन वर्षांपूर्वी सगळे हळदीला गेलेले असताना पाणी आलं, डबीनं मोटर लावली, कॉक फिरवायला घरात कुणी नाही, आणि टाकी वाहून शेजारच्या बुधाजीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मांदेली माशांवर धो धो पाणी. मांदेल्या जिवंत झाल्या आणि गटारानं खाडीत गेल्या, काही तर बुधाजीला हात करून गेल्या, असं सासू आजही सांगते. बुधाजी चार महिने बोलत नव्हता. तेव्हा दीपेशनं रात्रभर बसून टाकीला शिकवलं, आधी विचार, घरी कोण आहे. कुणी असेल तरच मोटर. अंकिता त्याला चहा देत होती आणि म्हणत होती, एवढ्यासाठी माणसं रात्र जागतात का. त्यानं मान वर न करता म्हटलं होतं, "माणूस घरात नसला की पाण्याला कळायला नको?"

"मॅडम, ऐकताय ना? त्या टाकीच्या फाईलमध्ये बघा. वॉन्ट्स लिहिलंय की रिक्वायर्स?"

तिनं बघितलं. "वॉन्ट्स."

"मग काही टेन्शन नाही. रिक्वायर्स असतं तर हा गेला की टाकी पण बसली असती. वॉन्ट्स म्हणजे त्याला तो हवाय, पण नाही आला तरी त्याचं काम चालतं."

नोमान हे इतक्या सहज बोलला, भाजीचा भाव सांगावा तसं, आणि पुढं काहीतरी सांगत राहिला, पण अंकिता त्या वाक्यापाशीच थांबून राहिली. हवाय, पण नाही आला तरी चालतं. मशीनमध्ये याला दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आधीच लिहून ठेवावे लागतात, माणूस असतानाच. दीपेशनं मागचापुढचा विचार न करता एक लिहून टाकला होता. आपलं कुठलं होतं, ती विचार करायला लागली. हे वर्ष तर चाललं. पगार झाले, पेपरांचे गठ्ठे झाले, दिवाळीला एक करंजीसुद्धा खाल्ली. कुणी आपल्या आत उघडून बघितलं तर तिथंही नुसतं वॉन्ट्सच लिहिलेलं निघेल, या विचारानं तिला गार वाटलं, फरशीवर अनवाणी पाय पडावा तसं. त्यापेक्षा आपण बसून गेलो असतो, मोटरसकट, तर निदान खरे तरी ठरलो असतो.

"मॅडम?"

"हां. मग काय करायचं?"

"मास्क. डिसेबलच्या वरचं. मास्क केलं की त्याचं नाव सरळ एका खड्ड्याकडं वळवलं जातं, कुणी कितीही हाका मारो, त्या खड्ड्यात जातात. कोणी येत नाही."

तिनं मास्कचा हुकूम टाइप केला. डबी नाही म्हणाली. त्या नावाची फाईल त्या जागी आधीच आहे, असं लाल अक्षरांत. नोमान हसला, वाईट हसला नाही, दमल्यासारखा हसला. "हां, दीपेशभाईनं स्वतः लिहिलेली आहे ना, म्हणून. बाहेरून आणलेली सर्व्हिस असती तर लगेच झालं असतं. ही घरची आहे, खड्ड्याच्या जागेवर तीच बसलीये. तिला तिथून उचला, दुसरीकडं ठेवा, मग मास्क होईल. डिलीट नका करू, फक्त हलवा. एवढं तुमचं तुम्ही कराल ना? इथं एक साहेब डोक्यावर उभे आहेत." आणि फोन ठेवला.

उचला. त्या दिवशी दवाखान्यातसुद्धा कुणीतरी हेच म्हणालं होतं, आता उचला, आणि चार पुरुष पुढं झाले होते, तिला कुणी हात लावू दिला नव्हता. तिनं फाईल उघडली. हलवायच्या आधी बघावी म्हणून. बारा-चौदा ओळी असतील, सगळ्या इंग्रजीत, आणि एक मराठीत, मशीन वाचत नाही अशी, माणसानं माणसासाठी लिहिलेली. 'अंकिता ओरडली तर बंद करणे. आई ओरडली तर आवाज वाढवणे.' अंकिता ती ओळ वाचत राहिली. लॅपटॉपचा पंखा घुं घुं करत होता. तिला आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना की ती कधी ओरडली होती का. ओरडायला हवं होतं. एकदा तरी, जोरात, तो असताना. म्हणजे त्यानंच बंद केलं असतं आणि हे तिच्या वाट्याला आलं नसतं. तिनं फाईल हलवली. एका सेकंदाचंही काम नव्हतं ते. मग मास्क केलं, आणि या वेळी डबी काही बोलली नाही, फक्त एक ओळ लिहिली, की ते नाव आता कुठं जातं. कुठंच नाही, अशा जागी जात होतं.

खात्री करायला तिनं जिन्याखाली जाऊन बटण बंद केलं आणि दहा आकडे मोजून लावलं. हिरवा दिवा लागला. मानेवर तो ओला हात आलाच, त्याला कुणी मास्क केलं नव्हतं. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. बाहेर सासूचं सूप थांबलं होतं. दिवा बघून तिनंही ओळखलं होतं, आता बया बोलणार. तिचं तोंड अर्धवट उघडलेलं, जीभ आत तयार, डोळ्यांत ती लबाड चमक, एखादी मोठीच थाप बांधून बसली होती ती. दोन मिनिटं गेली. तीन गेली. रस्त्यावरून रिक्षा गेली. बया बोलली नाही. चंद्रावतीचं तोंड हळूहळू मिटलं. तिनं एकदा डबीकडं बघितलं, एकदा सुनेकडं, आणि पुन्हा तांदळात हात घातला, पण खडे वेचेना, नुसताच हात फिरवत राहिली.

अंकिताला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. छातीवरचा दगड वगैरे. तसं काहीच झालं नाही. घर इतकं शांत झालं की नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब दिसायला लागला. ती बोटभर जागा, तिसऱ्या वाक्याच्या आधीची, आता संपतच नव्हती. ती वाढून खोलीएवढी झाली, आणि त्या खोलीत त्या दोघी. ती सासूजवळ जाऊन खाली बसली. सासूच्या तोंडून काहीतरी येईल म्हणून थांबली. नाही आलं. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, हळू, सांभाळून बोलणारा.

"आई, आज कुठं अडकलाय हो तो?"

चंद्रावतीनं तिच्याकडं बघितलं. म्हातारीचे डोळे खाऱ्या वाऱ्यानं कायम लाल असत, म्हणून त्यात काही वेगळं दिसलं नाही.

"कुठं अडकल," ती म्हणाली. "मेला ना तो, अंकिता. मीच तोंड पुसलंय त्याचं."

"तुम्ही रोज सांगता ना पण."

"ती बोलायची तवा तुझं तोंड कसं व्हायचं, तुला नाय दिसायचं. मला समोर दिसायचं. म्हनून मी कायतरी बोलायची, तुझं ध्यान जायाला." तिनं सुपाला एक उगाच झटका दिला. "आता ती नाय बोलत. मंग मी खोटं कोनाला बोलू?"

अंकिताचं रडू, राहून गेलेलं, डोळ्यांपर्यंत आलं आणि तिथंच उभं राहिलं, दार लावलेल्या घरापाशी पाहुणा उभा राहावा तसं. तिनं सासूचा हात धरला. हाताला तांदळाची पांढरी भुकटी लागलेली.

"सांगा ना," ती म्हणाली. "एकच. काहीही."

चंद्रावतीनं खरंच प्रयत्न केला. पाठ सरळ केली, घसा साफ केला, डोळे बारीक करून दाराच्या पलीकडं बघितलं. खाडीला भरती आणणारी, मांदेल्यांना जिवंत करणारी बाई ती, तिला एका माणसाची काय मातब्बरी.

"तलोज्याला," ती म्हणाली.

अंकिता वाट बघत राहिली. म्हातारीचे ओठ हलले, पुन्हा हलले, एक हात वर झाला, काहीतरी उंच दाखवायला निघाल्यासारखा, आणि मध्येच राहिला. तळोज्याच्या पुढं तिला रस्ता सापडेना.